मुक्कामाच्या जेवणाचा हिशेब

या महिन्यात आलेल्या पत्रांत 'पायलट' हा शब्द तीन अर्थांनी आला. एकजण विमान चालवते, एकीचे यजमान रेल्वेचं इंजिन चालवतात आणि एक ताई उसावर ड्रोन फिरवतात. चौथं पत्र अमेरिकेतल्या मुलाच्या वडिलांचं आहे. विचारणं मात्र सगळ्यांचं सारखंच: कामासाठी घराबाहेर असताना खाण्यापिण्यावर आणि जाण्यायेण्यावर जो पैसा जातो, तो करातून वजा होतो का? भारतातली कलमं, मर्यादा आणि आकडे आर्थिक वर्ष २०२४-२५ चे, म्हणजे तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याचे आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण त्यात मुद्दे जास्त आहेत आणि त्या मुलीची फसगत होण्याची भीतीही आहे.

प्रश्न : ताई, मी कोल्हापूरची, नागाळा पार्कची. एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. बेस, म्हणजे नेमणुकीचं ठिकाण, हैदराबाद. महिन्यातल्या बारा-तेरा रात्री वेगवेगळ्या गावांतल्या हॉटेलांत जातात. नाश्ता कंपनीकडून, दोन वेळचं जेवण आपल्या खिशातून. त्यासाठी 'लेओव्हर अलाउन्स' मिळतो, सरासरी महिना १८,००० रुपये. 'फ्लाइंग अलाउन्स' वेगळा. जेवणाची सगळी बिलं मी बुटांच्या खोक्यात साठवली आहेत, महिन्याला साधारण ११,००० ची होतात. महिन्यातून दोनदा घरी येते, तो खर्च निराळाच. फॉर्म १६ मध्ये, म्हणजे कंपनीच्या पगार-कराच्या दाखल्यात, २४ लाख पगार, नवी करपद्धत, आणि स्टँडर्ड डिडक्शन सोडून सगळाच्या सगळा करपात्र. माझ्यासोबतचे काहीजण एका एजंटाकडून रिटर्न भरून घेतात. तो म्हणतो, 'जेवण-प्रवासाचे तीन लाख दाखवू, थोडी देणगी दाखवू, रिफंड आला की दहा टक्के माझे.' पप्पा म्हणाले, आधी तुम्हाला विचारावं. ट्रेनिंगच्या कर्जाचे हप्ते चालू आहेत, हैदराबादला भाडं २२,००० आहे, त्यामुळे चार पैसे परत आले तर हवेच आहेत.

उत्तर : खोकं टाकू नका. पण त्यातल्या बिलांचा उपयोग तुम्हाला वाटतो तसा होत नाही, तेवढं आधी समजून घ्या.

दुकानदार किंवा डॉक्टर धंद्याचा खर्च वजा करून उरलेल्या रकमेवर कर भरतो. पगारदाराला ती सोय नाही. पगारातून वजा होणाऱ्या गोष्टी कलम १६ मध्ये बोटावर मोजण्याइतक्या आहेत: स्टँडर्ड डिडक्शन, व्यवसाय कर आणि सरकारी नोकरांचा एक छोटा भत्ता. त्यात 'नोकरीसाठी मी जेवले, टॅक्सी केली' याला जागा नाही. तुमची वैमानिकाची क्लास वन वैद्यकीय तपासणी, लायसन्सचं नूतनीकरण, हेडसेट हे खिशातून केलेलं असेल तर तेही वजा होत नाही. कंपनीनं बिल घेऊन पैसे परत केले तर ते तुमचं उत्पन्नच धरत नाहीत, म्हणून असा खर्च होण्याआधी कंपनीला विचारायची सवय लावून घ्या.

मग दार कुठं आहे? ते भत्त्यात आहे. तुम्ही किती खर्च केला याच्याआधी कायदा विचारतो, कंपनीनं तुम्हाला कशासाठी दिलं? कलम १० (१४) आणि त्याखालचा नियम २ बीबी यांत तुमच्या कामाचे दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता वाहतूक व्यवस्थेत काम करणाऱ्यांचा. एका गावाहून दुसऱ्या गावाला वाहन चालवताना ड्युटीवर होणाऱ्या वैयक्तिक खर्चासाठी भत्ता मिळत असेल, तर त्यातला ७० टक्के किंवा महिना १०,००० रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम करमुक्त. तुमच्या १८,००० चे ७० टक्के १२,६०० होतात, म्हणून १०,००० धरायचे, वर्षाचे १,२०,०००. या रस्त्यावर खर्चाचं बिल मागत नाहीत. अटी दोन: त्याच कामासाठी 'दैनिक भत्ता' मिळत नसावा, आणि तुम्ही जुन्या करपद्धतीत असावं.

दुसरा रस्ता दैनिक भत्त्याचा. नेहमीच्या कामाच्या जागेपासून दूर दौऱ्यावर असताना रोजच्या खर्चासाठी दिलेला भत्ता जितका खरोखर खर्च झाला तितका करमुक्त. इथं तुमचं खोकं कामाला येतं. आणि हा रस्ता नव्या करपद्धतीतही उघडा आहे, ही गोष्ट फार कमी पगारदारांना ठाऊक असते. दोन्ही रस्ते एकदम धरता येत नाहीत.

पहिल्या नियमात विमान हा शब्दच नाही, हे मला फार आवडतं. 'कोणतीही वाहतूक व्यवस्था' असं आहे. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. गगनबावड्याच्या बाजूला मुक्कामी गाडी असली की आई फडक्यात चार भाकरी आणि खर्डा बांधून द्यायची. सलग दोन मुक्काम लागले की दुसऱ्या दिवशी भाकरी वाळायची, मग ते स्टँडसमोर उसळ-पाव खायचे आणि खिशातल्या छोट्या वहीत लिहायचे: उसळ, चहा, एक पान. त्या वह्या माझ्या राजारामपुरीतल्या ऑफिसच्या कपाटात आहेत. पगार करापर्यंत पोचायचाच नाही, त्यामुळे हिशेब कुणाला दाखवायचा प्रश्न नव्हता. तरी ते लिहायचे, कारण घराबाहेरचं खाणं ही हौस नव्हती, नोकरीचाच भाग होता. तुमचं खोकं म्हणजे तीच वही आहे, असं मी मानते.

तुमच्या लेओव्हरचा रस्ता कोणता, हे मी इथून सांगू शकत नाही. 'लेओव्हर अलाउन्स' हा शब्द कायद्यात नाही. कंपनीच्या भत्त्यांच्या धोरणात तो कोणत्या खर्चासाठी दिलाय असं लिहिलंय, त्यावर ठरतं. आजच पेरोल विभागाला मेल करा: हा भत्ता कोणत्या खर्चापोटी दिला जातो, आणि फॉर्म १६ मध्ये तो कलम १० (१४) खाली का दाखवला नाही? उत्तर लेखी घ्या. माझ्याकडं येणाऱ्या एका तरुण वैमानिकाच्या कंपनीनं सगळे भत्ते एका ओळीत 'इतर भत्ते' म्हणून कोंबले होते. तीन मेल पाठवल्यावर पत्र मिळालं, आणि त्याच पत्रावर त्याचं रिटर्न उभं राहिलं.

फ्लाइंग अलाउन्सच्या नादी मात्र लागू नका. तासांवर मिळणारा तो पैसा कामाचा मोबदला आहे, पूर्ण करपात्र. नाव भत्त्याचं असलं तरी तो पगारच. युनिफॉर्म भत्ता मिळत असेल तर खरेदी आणि देखभालीवर झालेल्या खर्चाइतका करमुक्त, पण जुन्या पद्धतीतच.

आता आकडे. आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या नव्या पद्धतीत २४ लाखांतून ७५,००० चं स्टँडर्ड डिडक्शन गेलं, उरले २३,२५,०००. उपकरासह कर ४,०३,००० रुपये. जुन्या पद्धतीत ५०,००० स्टँडर्ड डिडक्शन, पीएफ वगैरेंचे दीड लाख, आईपप्पांच्या आरोग्य विम्याचे २५,००० धरले आणि लेओव्हरचे १,२०,००० सोडले, तर २०,५५,००० वर कर येतो ४,४६,१६०. म्हणजे नुसत्या जेवणाच्या भत्त्यासाठी जुन्या पद्धतीत गेलात तर ४३,००० रुपये जास्त जातील! बरेचजण इथंच चुकतात. एक सवलत दिसली की तिच्यामागं धावतात आणि पूर्ण गणित मांडतच नाहीत.

पण तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहिल्यासारखं, खरं सोनं आहे. भाडं आणि कर्ज. मूळ पगार महिना ८०,००० धरला, तर वर्षाच्या २,६४,००० भाड्यातून मूळ पगाराचे दहा टक्के, ९६,००० वजा करून १,६८,००० घरभाडे भत्ता करमुक्त होतो; भत्ता तेवढा मिळत असला पाहिजे आणि घरमालकाचा पॅन लागेल. कर उतरला ३,९३,७४४ वर. आता जुनी पद्धत थोडीशी पुढं गेली. त्यात कर्जाचं व्याज घाला. वैमानिक प्रशिक्षणाचं कर्ज बँकेचं असेल, तुमच्या नावावर असेल आणि हप्ते तुमच्या पगारातून जात असतील, तर कलम ८० ई खाली व्याजाची पूर्ण वजावट मिळते. तिला वरची मर्यादाच नाही. मुद्दलाची मिळत नाही, आणि व्याज भरायला सुरुवात केली त्या वर्षापासून आठ वर्षंच मिळते. वर्षाचं व्याज २,१०,००० समजू. करपात्र उत्पन्न १६,७७,०००, कर ३,२८,२२४. नव्या पद्धतीपेक्षा जवळजवळ ७५,००० कमी, आणि यात एक रुपयाही खोटा नाही.

भत्ता दैनिक भत्ता निघाला तर? बिलांप्रमाणे १,३२,००० सुटतील. नव्या पद्धतीत कर ३,६१,८१६ होईल, जुन्यात ३,२४,४८०. तरीही जुनीच स्वस्त. म्हणजे पेरोलचं उत्तर काहीही येवो, व्याजाचा आकडा एवढा असेल तर जुनी पद्धत घ्या. बँकेकडून व्याजाचा दाखला मागवा, त्याच्याशिवाय पुढं जाऊ नका. आणि तारीख पाळा. पगारदाराला जुनी पद्धत रिटर्न भरतानाही निवडता येते, कंपनीनं टीडीएस नव्या पद्धतीनं कापला असला तरी. पण रिटर्न मुदतीतच भरावं लागतं. आर्थिक वर्ष २०२४-२५ साठी ती मुदत १६ सप्टेंबर २०२५ होती. उशीर झाला की नवी पद्धतच गळ्यात पडते आणि ते ७५,००० जातात.

कोल्हापूरला येण्याजाण्याचा खर्च वजा होत नाही. घर ते बेस हा तुमचा खाजगी प्रवास. एक गोष्ट मात्र मनाला लावून घेऊ नका: कंपनीच्या स्टाफ तिकिटावर कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर उतरलात तर ती सवलत तुमच्या पगारात मिळवली जात नाही, विमान कंपनी आणि रेल्वेच्या कर्मचाऱ्यांना तिथं सूट आहे. घर ते विमानतळ कंपनीची गाडी येते, तीही करपात्र नाही.

राहिला एजंट. त्याला हात जोडा. जेवण-प्रवासाचे तीन लाख कोणत्या कलमात बसवणार, हे त्याला विचारा. असं कलमच नाही. न दिलेली देणगी दाखवणं ही सरळ खोटी माहिती, आणि चुकवलेल्या कराच्या २०० टक्के दंड लागतो. सही त्याची नसते, रिटर्न तुमच्या पॅनवर जातं. १४ जुलै २०२५ ला आयकर विभागानं अशाच खोट्या वजावटी भरून देणाऱ्यांवर देशभरात १५० ठिकाणी कारवाई केली आहे. तुमच्या सोबत्यांनी मागच्या वर्षांत असं केलं असेल तर त्यांना सांगा, चूक कबूल करून अद्ययावत रिटर्न भरायची मुदत आता चार वर्षांची झाली आहे. त्यात जादा कर २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत चढत जातो, म्हणून जितकं लवकर तितकं बरं. तुमच्या पप्पांनी तुम्हाला थांबवलं, फार चांगलं केलं.

प्रश्न : आम्ही रुकडीचे. हे रेल्वेत लोको पायलट आहेत. मायलेजमधले, म्हणजे गाडी चालवण्याच्या भत्त्यातले, महिना १०,००० दरवर्षी करातून सुटायचे. यंदा फॉर्म १६ मध्ये ते दिसत नाहीत. ऑफिसात चूक झाली का? वर्षाचा पगार सगळा धरून ११ लाख आहे.

उत्तर : चूक नाही, वहिनी. वर सांगितलेला ७० टक्क्यांचा नियम तुमच्या यजमानांच्या मायलेजला लागतो, पण जुन्या पद्धतीत. यंदा त्यांनी पर्याय कळवला नसेल, म्हणून ऑफिसनं नवी पद्धत धरली.

तरी घाबरू नका. जुन्या पद्धतीत मायलेजचे १,२०,०००, दीड लाखाची बचत आणि व्यवसाय कराचे २,५०० धरूनही कर येतो ७०,७२०. नव्या पद्धतीत ५५,९००. सूट गेली तरी जवळपास १५,००० वाचले. आणि त्यापुढच्या वर्षाची, म्हणजे २०२५-२६ ची बातमी याहून गोड आहे: नव्या पद्धतीत पगार पावणेतेरा लाखांपर्यंत असेल तर कर शून्य. घरकर्जाचं मोठं व्याज नसेल तर नवीच राहू द्या.

एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते. आर्थिक वर्ष २०२४-२५ मधली महिना १०,००० ची ही मर्यादा सप्टेंबर २००८ पासूनची होती. तेव्हा स्टँडसमोरच्या खाणावळीत ताट कितीला मिळायचं आणि आज कितीला मिळतं, हे रात्री अडीचला रनिंग रूमवर, म्हणजे रेल्वेचालकांच्या विश्रांतीगृहावर, उतरणाऱ्या माणसाला कुणी सांगायला नको. ही रक्कम वाढली पाहिजे, असं मी दर वर्षी अर्थसंकल्पाच्या आधी लिहीत आले आहे.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत एका छोट्या विमान कंपनीत वैमानिक आहे. शाहूपुरीतले माझे एक स्नेही, ज्यांचा पुतण्या तिथं पूर्वी वैमानिक होता, सांगतात की वैमानिकांना जेवणाच्या खर्चाची ८० टक्के वजावट मिळते. मुलगा म्हणतो मिळत नाही. खरं कोणाचं?

उत्तर : दोघांचंही, काका, आपापल्या काळात. २०१७ पर्यंत तिथले नोकरदार वैमानिक कंपनीनं न भरलेला कामाचा खर्च रिटर्नमध्ये वजा करू शकत. इतरांना जेवणाच्या निम्म्याच खर्चाची वजावट, पण ज्यांच्या ड्युटीच्या तासांवर सरकारी बंधन आहे अशा वाहतूक कामगारांना ८० टक्के. वैमानिक, ट्रकचालक, रेल्वेवाले त्यात यायचे. तुमच्या स्नेह्यांचा पुतण्या हेच करत असणार.

डिसेंबर २०१७ च्या कायद्यानं नोकरदारांची ही वजावट २०१८ पासून थांबवली. ती २०२५ पर्यंतच थांबवायची होती, पण ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या नव्या कायद्यानं ती कायमचीच बंद केली. ८० टक्के आता स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या वैमानिकाला आणि खर्च सोसणाऱ्या कंपनीला उरले.

मुलाला मात्र कंपनीकडून घराबाहेरच्या तासांप्रमाणे 'पर डिएम', म्हणजे रोजच्या खर्चाचा भत्ता, मिळत असेल. तो नियमांत बसणाऱ्या योजनेतून आणि सरकारी दराच्या आत असला की करमुक्त असतो. वाहतूक कामगारांसाठी हा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून अमेरिकेच्या मुख्य भूमीत दिवसाला ८० डॉलर आणि बाहेर ८६ डॉलर आहे. म्हणून तिथंही प्रश्न फिरून तोच: खर्च किती झाला याआधी कंपनीनं कशापोटी दिलं. त्याला एक गोष्ट जरूर विचारायला सांगा. कॅलिफोर्निया, पेनसिल्व्हेनिया अशा काही राज्यांच्या स्वतःच्या करात नोकरीचा खर्च अजून मान्य होतो. आणि विमान कितीही राज्यांवरून गेलं तरी वैमानिकाच्या पगारावर राज्याचा कर फक्त दोन ठिकाणी लागू शकतो: तो राहतो तिथं, आणि निम्म्याहून जास्त कमाई जिथं होते तिथं. तो कॅलिफोर्नियात राहत असेल तर त्याची बिलंही खोक्यात जायला हवीत.

प्रश्न : मी शिरोळ तालुक्यात ऊस आणि भाजीवर ड्रोननं फवारणी करते. ड्रोन पायलटचं सर्टिफिकेट आहे, ड्रोन माझ्या नावावर आहे. वर्षाला ४,२०,००० रुपये जमा झाले. गाडीचं पेट्रोल, जनरेटरचं डिझेल, मदतनीस पोराचं जेवण आणि माझं जेवण वजा होतं का?

उत्तर : ताई, तुम्ही पगारदार नाही, तुमचा धंदा आहे, म्हणून तुमचं उत्तर वरच्या सगळ्यांपेक्षा सोपं. हिशेबाची वही ठेवलीत तर पेट्रोल, डिझेल, बॅटरी, मदतनिसाची मजुरी आणि त्याला दिलेलं जेवण हा धंद्याचा खर्च. तुमचा स्वतःचा डबा मात्र घरखर्चात जातो. बांधावर बसून खाल्ला तरी.

वही ठेवायची नसेल तर कलम ४४ एडी आहे. जमा रकमेच्या ८ टक्के, आणि बँकेतून किंवा यूपीआयनं आलेल्या पैशांवर ६ टक्के नफा दाखवायचा. मग वेगळा कोणताही खर्च मागायचा नाही. सगळे रोख आले असं धरलं तरी ४,२०,००० वर नफा ३३,६०० होतो; दुसरं उत्पन्न नसेल तर कर शून्य. तरीही रिटर्न भरा. पुढच्या हंगामात दुसरा ड्रोन घ्यायचा म्हणून बँकेत गेलात की पहिल्यांदा मागच्या वर्षांची रिटर्नच मागतील. आणि शेतकऱ्यांकडून पैसे यूपीआयवर घ्यायला सुरुवात करा, ज्याच्याकडं रोखच असेल त्याची पावती फाडा. पावतीवर गट नंबर आणि किती एकर फवारणी झाली तेवढं लिहिलं तरी पुरे.